झ्बोरोव्हचा बिल्ला

पितळेचा बिल्ला तो. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. मधोमध लिंडनचं पान, खाली ‘झ्बोरोव्ह’ हे एका गावाचं नाव आणि १९१७–१९३७ ही दोन सालं. मागे कॉलरला टोचायची टाचणी. लढायांच्या वर्धापनदिनी असे बिल्ले चेकोस्लोव्हाकियात निघत आणि चार पैशांना मिळत. पदक सरकार देतं. त्यासोबत सनद येते, सनदेवर नाव असतं, कशाबद्दल दिलं ते लिहिलेलं असतं. बिल्ल्याला यातलं काही नसतं. तो कोणाच्याही छातीवर बसतो.

हा बिल्ला एका शिपायाकडे ४५ वर्षं होता. शिपाई अमेरिकेचा, रक्ताने स्लोव्हाक.

त्याचा बाप पूर्व स्लोव्हाकियातल्या शारिश भागातला. तो मुलूख तेव्हा हंगेरीच्या राजमुकुटाखाली होता. शाळेत हंगेरियन भाषा सक्तीची, जमीन तुकड्यातुकड्यांची, घरात खाणारी तोंडं फार. हजारो स्लोव्हाकांप्रमाणे बापही बोटीत बसला आणि पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडक गावी पोचला. तिथे मोनोंगाहेला नदीच्या काठी एडगर थॉमसन पोलाद कारखाना होता. बारा तासांची पाळी असे आणि पाळी बदलायच्या आठवड्यात सलग चोवीस तास भट्टीपुढे उभं राहावं लागे. माणूस भाजून मेला तर बायकापोरांच्या हाती फारसं काही पडत नसे. म्हणून या लोकांनी आपसात भ्रातृमंडळं काढली होती. दर महिन्याला वर्गणी, घरात मयत झाली की ठरलेली रक्कम. रविवारी प्रार्थनेनंतर मंडळाच्या दिवाणखान्यात सगळे जमत.

त्या दिवाणखान्याच्या भिंतीवर एक तसबीर होती. १९१७ साली मिलान रास्तिस्लाव श्टेफानिक अमेरिकेत आले होते. मूळचे स्लोव्हाक खेड्यातले, शिक्षणाने खगोलशास्त्रज्ञ आणि तेव्हा फ्रान्सच्या सैन्यात अधिकारी. अमेरिकेतल्या चेक आणि स्लोव्हाक तरुणांनी स्वतंत्र देशासाठी लढायला यावं, अशी हाक त्यांनी दिली. दोन हजारांहून अधिक जण गेले. कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डच्या छावणीतून ते फ्रान्सला पोचले आणि १९१८ च्या ऑक्टोबरात तेरों आणि वूझिए इथे लढले. ब्रॅडकमधून गेलेल्यांची ती तसबीर. शिपायाचा बाप त्यांत नव्हता. बायको होती, दोन लेकरं होती, भट्टी होती. त्याला कोणी कधी बोललं नाही. पण दिवाणखान्यात तो नेहमी तसबिरीकडे पाठ होईल अशीच खुर्ची धरायचा. पोराने हे लहानपणापासून पाहिलेलं होतं.

पोरगा मोठा झाला तेव्हा दुसरं महायुद्ध आलं. तो दुसऱ्या पायदळ डिव्हिजनमध्ये होता. नॉर्मंडीचा किनारा, ब्रेस्टचा वेढा, डिसेंबरातल्या बर्फात आर्डेनचं जंगल, मग लाइपझिग. प्रत्यक्ष आघाडीवर लढलेल्या पायदळ सैनिकाला अमेरिकेत निळ्या पट्टीवर बंदुकीची आकृती असलेलं चिन्ह मिळतं. ते त्याला मिळालं होतं आणि त्यातला प्रत्येक मिलिमीटर त्याने कमावला होता. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते कोणा भित्र्याच्या हातून घडलं नाही.

६ मे १९४५ च्या सकाळी अमेरिकेच्या १६ व्या चिलखती डिव्हिजनच्या गाड्या बोहेमियातल्या पिल्झेन शहरात शिरल्या. पाठोपाठ पायदळ आलं. सहा वर्षं जर्मन टाचेखाली राहिलेलं ते शहर रस्त्यावर उतरलं होतं. लायलॅक बहरात होता. लोक फांद्याच्या फांद्या तोडून जीपवर टाकत होते. दहा-बारा दिवसांपूर्वीच, २५ एप्रिलला, अमेरिकी विमानांनी तिथला स्कोडाचा शस्त्रकारखाना बेचिराख केला होता. मात्र बाँब टाकण्याआधी रेडिओवरून इशारा दिल्यामुळे बरेच कामगार बाहेर पडले आणि वाचले. त्या वाचलेल्यांत एक म्हातारा होता. लेथवर काम करणारा, पन्नाशीतला, पण सहा वर्षांत सत्तरीचा दिसू लागलेला.

शिपाई जीपवरून खाली वाकून कोणाशी तरी बोलत होता. बोलत होता बापाची भाषा, शारिशकडच्या हेलात. म्हातारा थबकला. गर्दी कापत पुढे आला आणि त्याने शिपायाची बाही धरली.

“स्लोव्हाक?”

“हो. बाप तिकडचा.”

म्हाताऱ्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात हा बिल्ला होता. थरथरत्या बोटांनी त्याने तो शिपायाच्या कोटाला टोचला आणि भराभर बोलू लागला. चेक आणि स्लोव्हाक एकमेकांना समजतात, पण बाजूला बँड वाजत होता, पोरं किंचाळत होती, वरून फुलं पडत होती. शिपायाला तुटक तुटक ऐकू आलं: झ्बोरोव्ह. पाणी. आई. आणि एक वाक्य मात्र स्वच्छ, “हा माझा नाही.” मग म्हाताऱ्याने चिठोऱ्यावर पत्ता लिहून त्याच्या मुठीत कोंबला. “ये. सांगायचं राहिलंय. नक्की ये.” जीप पुढे सरकली.

झ्बोरोव्ह हे नाव शिपायाला माहीत होतं. ब्रॅडकमधल्या प्रत्येक स्लोव्हाक पोराला माहीत होतं. २ जुलै १९१७ रोजी, आज युक्रेनमध्ये असलेल्या त्या गावाजवळ, रशियाच्या बाजूने लढणाऱ्या चेकोस्लोव्हाक ब्रिगेडने ऑस्ट्रिया-हंगेरीचे खंदक फोडले. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, हत्यारं तुटपुंजी. तरी त्यांनी तीन हजारांहून अधिक कैदी धरले. ज्या देशाचा अजून जन्म व्हायचा होता त्या देशाच्या नावाने एवढी मोठी तुकडी पहिल्यांदाच लढली. पुढे प्रजासत्ताक झालं तेव्हा झ्बोरोव्हच्या रणांगणावरच्या एका अनाम सैनिकाचे अवशेष प्रागच्या जुन्या नगरभवनात समारंभाने ठेवले गेले. १९४१ साली नाझींनी ते तिथून काढून नष्ट केले. अशा काळात तो बिल्ला घरात सापडणंही महागात पडलं असतं.

शिपाई त्यानंतर महिनाभर पिल्झेनच्या आसपासच होता. गावात नाच होते, बिअर होती, फुटबॉलचे सामने होते. चिठोरं पाकिटात होतं. म्हाताऱ्याचं घर चालत जाण्याच्या अंतरावर असावं. उद्या जाऊ, परवा जाऊ. मग डिव्हिजनला परतीचा हुकूम आला.

३० मे १९४६. अमेरिकेत तेव्हा या दिवशी युद्धात पडलेल्यांचं स्मरण करत. ब्रॅडकमध्ये मिरवणूक निघाली, मग दिवाणखान्यात सभा. बायकांनी कोबीचे होलुप्की रांधले होते. शिपाई गणवेशात आला. निळ्या पट्टीच्या खाली त्याने तो बिल्ला लावला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या लोकांत जातोय, आपल्या लोकांची खूण लावावी, एवढंच.

मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. त्यांनी बिल्ला पाहिला, त्यावरचं नाव वाचलं आणि बाकीचं मनाने जुळवलं. “झ्बोरोव्हच्या नावाचं पदक,” ते म्हणाले, “चेकोस्लोव्हाक राष्ट्राने आपल्या ब्रॅडकच्या पोराच्या छातीवर लावलं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिपाई उठला तो खुलासा करायलाच. तोंड उघडणार इतक्यात त्याची नजर बापाकडे गेली. बाप रडत होता. आणि बापाने खुर्ची फिरवली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या तसबिरीकडे तोंड करून बसला होता.

शिपाई खाली बसला.

या जागी मी स्वतःला अनेकदा उभं करून पाहिलं आहे आणि त्याच्याहून वेगळं वागलो असतो असं छातीठोकपणे म्हणवत नाही. खोटं तो बोललाच नव्हता. दुसऱ्याने म्हटलेलं त्याने फक्त खोडून काढलं नाही, तेही बापाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून. पण अशा खोट्याला मूळ फुटायला एवढी ओल पुरते. पुढच्या वर्षी मंडळाच्या स्मरणिकेत त्याचा फोटो छापला गेला, खाली ‘झ्बोरोव्ह पदकाचे मानकरी’. चर्चमध्ये धर्मगुरूंनी नाव घेतलं. शेजारच्या पोरांना बाप त्याच्याकडे बोट करून दाखवू लागला. दर वर्षी गोष्टीत एखादी गोळी वाढायची, एखादा जर्मन वाढायचा. तो ऐकायचा आणि गप्प राहायचा.

त्या वर्षांत पिल्झेनला पत्र सरळ पोचलं असतं. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली आणि दारं मिटली. त्याआधीची दोन-अडीच वर्षं दार सताड उघडं होतं. त्याने पत्र लिहिलं नाही. पत्र लिहिलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तरात खरी हकिगत असती.

१९४९ मध्ये बाप वारला. काही महिन्यांनी मंडळाच्या बैठकीनंतर एक माणूस शिपायाशेजारी येऊन बसला. तसबिरीतल्यांपैकी जे अजून हयात होते त्यांतला तो. दार्ने इथे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ध्वज घेताना रांगेत उभा राहिलेला, तेरोंला पायात गोळी लागलेला. त्याने हात पुढे केला. “बघू.”

बिल्ला तळहातावर घेऊन त्याने उलटा केला, टाचणी पाहिली.

“हे पदक नव्हे, पोरा.”

“माहीत आहे.”

“मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुझा बाप होता तोवर म्हटलं, राहू दे.” थोडा वेळ तो काही बोलला नाही. “दिला कोणी?”

शिपायाने सांगितलं. म्हातारा, रुमाल, बँड, चिठोरं. ‘हा माझा नाही’ हेही सांगितलं.

“मग कोणाचा?”

“ते विचारायचं राहिलं.”

“तू तो लावलास, त्याचं मला काही नाही,” तो माणूस म्हणाला. “पण चार वर्षं छातीवर वागवतोस आणि कोणाचा आहे ते तुला ठाऊक नाही. आम्ही प्रेताच्या खिशातलं घड्याळसुद्धा नाव विचारल्याशिवाय उचललं नाही रे.”

पुढच्या रविवारी शिपाई सभेत उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता. सभेला ते आवडलं नाही. खरं बोलणाऱ्याला लोक उचलून घेतात, असं गोष्टींत असतं. इथे लोक अवघडून खाली पाहत राहिले. अध्यक्ष संतापले, कारण पदक हा शब्द पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून आला होता. स्मरणिका छापून झाली, घराघरांत गेली, आता हे उकरून काय मिळणार, असं ते म्हणाले. “कोणाचं काय नुकसान झालंय यात?”

तसबिरीतला तो माणूस मागून म्हणाला, “ज्याचं झालंय तो इथे नाही. म्हणून आपल्याला दिसत नाही.”

शिपायाची आई मात्र घरी गेल्यावर बोलली. “बाप जिवंत असताना सांगितलं असतंस, तर तो एकदाच रडला असता. आता त्याच्या वाटचं मी रोज रडायचं.” तिने कित्येक महिने त्याच्याशी नीट बोलणं केलं नाही. तो कारखान्यात जात होता, येत होता. बिल्ला त्याने कोटावरून काढला, तंबाखूच्या डबीत ठेवला, वर ते चिठोरं घडी करून ठेवलं. पुन्हा कधी लावला नाही.

आता त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहायला बसला, तेव्हा मंडळातल्या लोकांनी हात धरला. तिकडे माणसांची अमेरिकेतल्या नातेवाइकांवरून चौकशी होत होती. जुन्या लिजनवाल्यांची, म्हणजे पहिल्या महायुद्धात स्वतंत्र देशासाठी लढलेल्या चेकोस्लोव्हाक स्वयंसैनिकांची, संघटना मोडली होती. ज्या अमेरिकी सैनिकांवर पिल्झेनने लायलॅक उधळला होता, त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांतून गेलं आणि मुक्तीचं सगळं श्रेय सोव्हिएत सैन्याकडे गेलं. १९५३ च्या जूनमध्ये चलनबदलाने लोकांची शिल्लक एका रात्रीत मातीमोल झाली, तेव्हा स्कोडाचे कामगार पिल्झेनच्या रस्त्यांवर उतरले आणि चिरडले गेले. ती बातमी शिपायाने ब्रॅडकमध्ये वाचली. लेथवाला म्हातारा त्यांत होता का, हे कळायला मार्ग नव्हता. आपल्या पत्राने त्याचं बरं होणार नाही, वाईट होऊ शकतं, एवढं मात्र कळत होतं. त्याने लिहिणं थांबवलं. पत्र लिहिता येत होतं तेव्हा लिहिलं नाही, आणि लिहावंसं वाटलं तेव्हा लिहिता येईना. अशी वर्षं मोजायची नसतात. ती मोजली तर माणूस खचतो.

नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर लोक जमले आणि ती सत्ता गेली. १९९० च्या मे महिन्यात पिल्झेनने चाळीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा आपला मुक्तिदिन खऱ्या इतिहासानिशी साजरा केला आणि अमेरिकेतून जुन्या सैनिकांना बोलावलं. शिपाई गेला. सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले. बाकीचे व्यासपीठाकडे गेले; तो चिठोरं घेऊन घर शोधायला निघाला. रस्त्याचं नाव मधल्या काळात बदललेलं. विचारत विचारत तो एका जिन्यापाशी पोचला. दार एका बाईंनी उघडलं. त्याच्याच वयाच्या असतील. त्याने काही न बोलता डबी उघडली.

“तुम्ही!” बाई म्हणाल्या. “वडील म्हणायचे, येईल तो.”

लेथवाला म्हातारा १९५७ मध्ये वारला होता. त्याची ही मुलगी. १९४५ साली बापाशेजारी गर्दीत तीही होती. तिने कॉफी केली आणि ४५ वर्षं राहिलेलं सांगून टाकलं.

“वडील झ्बोरोव्हला होते,” ती म्हणाली, “पण समोरच्या खंदकात.”

शिपायाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

त्या सकाळी चेकोस्लोव्हाक ब्रिगेडसमोर ऑस्ट्रियाच्या बाजूने ज्या पलटणी होत्या, त्यांतली एक ३५ वी. पिल्झेनची पलटण. बादशहाच्या हुकमाने भरती झालेली चेक पोरं. तिकडून टोप्यांना लाल-पांढरी फीत लावलेले लोक हातबाँब घेऊन धावत आले, आणि आपल्याच भाषेत ओरडत. “वडील म्हणायचे, मी गोळ्या झाडल्या. किती झाडल्या, कोणाला लागल्या, मला माहीत नाही. मग एक जण माझ्या खंदकात येऊन पडला. पोटात गोळी. पाणी मागू लागला, स्लोव्हाकमध्ये. मी बंदूक टाकली आणि त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. पोटात गोळी असलेल्याला पाणी देऊ नये, हे मला नंतर कळलं. त्याने मला नाव सांगितलं, गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. दुपारच्या आत गेला.”

म्हातारा कैद झाला, पुढे स्वतः लिजनमध्ये दाखल झाला, सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकमार्गे १९२० मध्ये घरी आला. पहिलं काम त्याने केलं ते त्या मेलेल्या पोराच्या गावी जाण्याचं. पश्चिम स्लोव्हाकियात, ब्रादलो टेकडीच्या पायथ्याशी. पोराच्या आईला त्याने सगळं सांगितलं, गोळ्यांचंही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्याला जेवायला वाढलं. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात तिच्याकडे जात राहिला, गवत कापायला, छप्पर शाकारायला. १९३७ मध्ये लढाईला वीस वर्षं झाली तेव्हा कोणीतरी आईला हा बिल्ला आणून दिला. तिने तो पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला दिला. तू त्याच्याजवळ होतास, तुझ्याकडे असू दे, म्हणाली. त्याने घेतला, पण कधी लावला नाही. कोणी झ्बोरोव्हबद्दल विचारलं की तो सांगायचा, मी त्या दिवशी पलीकडे होतो. लिजनवाल्यांच्या बैठकीतही सांगायचा. त्यामुळे त्याची काही दोस्ती तुटली, काही पक्की झाली.

१९३९ च्या मार्चमध्ये देश तुटला. स्लोव्हाकिया वेगळं राज्य झालं, बोहेमिया हिटलरच्या घशात गेलं, मधे सरहद्द आली. म्हाताऱ्याने बिल्ला भिंतीवरच्या घड्याळामागे दडवला. आई तिकडे एकटी, ऐंशीच्या घरात. तिची वस्तू तिच्या डोळ्यांदेखत तिच्या घरी परत जावी, एवढाच ध्यास त्याने घेतला. आणि मग मे महिन्यात जीपवरून स्लोव्हाक बोली कानावर आली.

“त्यांना वाटलं, तुमच्याकडे जीप आहे, अमेरिकी गणवेश आहे, तुम्हाला कोण अडवणार. आगगाड्या बंद, पूल उडालेले. तुम्हीच नेऊन द्याल. पत्ता त्यासाठी दिला होता. तुम्ही आलात की गावाचं नाव सांगायचं होतं.”

शिपायाने कप खाली ठेवला.

“रागावले असतील.”

“नाही हो. म्हणायचे, बावीस वर्षांचं पोर, जिवंत राहिलेलं. त्याने नाचायला जायचं नाही तर कोणी जायचं?” बाई जरा थांबल्या. “शरदात गाड्या सुरू झाल्यावर ते रिकाम्या हातांनी गेले. आईंना म्हणाले, बिल्ला एका स्लोव्हाक पोराबरोबर अमेरिकेला गेला. त्या म्हणाल्या, अमेरिकेला? बरं झालं. माझ्या पोरालाही जायचं होतं, तिकिटाचे पैसे साठवत होता. मग म्हणाल्या, पण तो परत आला की एकदा मला दाखवायला सांग. पुढे प्रत्येक नाताळच्या पत्रात विचारायच्या, आला का म्हणून. १९५१ साली गेल्या.”

“माझं पत्र...”

“आलं होतं. फोडलेलं आलं. वडिलांना कारखान्यात बोलावून विचारलं, अमेरिकेत कोण आहे. त्यांनी ते जाळलं. पण जाळण्याआधी मला वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या तेव्हा गप्प बसलो, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचून वडील म्हणाले, आता तो येईल.”

दुसऱ्या दिवशी शहरात सत्कार होता, फुलं होती, बँड होता. शिपाई तिथे गेला नाही. तो पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसला.

ब्रादलोवर श्टेफानिक यांची समाधी आहे. शेजारच्याच कोशारिस्का गावी त्यांचा जन्म. १९१९ च्या मे महिन्यात ते स्वतंत्र झालेल्या मायभूमीत विमानाने परतत होते आणि ब्रातिस्लाव्हाजवळ विमान कोसळून गेले. वास्तुकार दुशान युर्कोविच यांनी टेकडीच्या माथ्यावर पांढऱ्या दगडाची प्रशस्त समाधी बांधली. त्यांच्यासोबत गेलेले दोन इटालियन सैनिकही तिथेच आहेत. कम्युनिस्ट राजवटीत या नावाचा उच्चार टाळला जाई; त्या वसंतात लोक पुन्हा उघडपणे टेकडी चढत होते. ज्या माणसाच्या हाकेला बाप गेला नव्हता, त्याच्या समाधीकडे शिपायाने खालूनच पाहिलं. गुडघे चढू देत नव्हते, आणि त्याचं काम गावात होतं.

पडलेल्या पोराच्या बहिणीचा नातू त्याच घरात राहत होता, गावच्या शाळेत मास्तर होता. गावच्या स्मारकावर नाव आहे, त्याने दाखवलं. बादशहासाठी मेलेले आणि बादशहाविरुद्ध मेलेले, गावाने दोघांची नावं एकाच दगडावर अकारविल्हे कोरली होती. शिपायाने ते नाव बोटाने दोनदा गिरवलं. मग घरी येऊन टेबलावर डबी ठेवली.

मास्तर हरखून गेला. शाळेत काचेच्या पेटीत ठेवू म्हणाला, शेजारी माहितीचा कागद लावू. त्याने लगेच लिहायला घेतलं आणि वाचून दाखवलं: अमेरिकेतील एका स्लोव्हाक वीराने हा अमोल ठेवा ४५ वर्षे प्राणपणाने जपला.

“खोड,” शिपाई म्हणाला.

“काय खोडू?”

“सगळं. आधी पोराचं नाव लिही. मग त्याच्या आईचं. मग पिल्झेनच्या लेथवाल्याचं, आणि तो त्या दिवशी कोणत्या बाजूला होता ते. ते त्याने कधी लपवलं नाही, आपणही लपवायचं नाही.”

मास्तराने लिहिलं.

“आता माझं. १९४५ च्या मे महिन्यात याला घरी बोलावलं होतं, हा गेला नाही. १९४६ मध्ये लोकांनी बिल्ल्याला पदक समजून टाळ्या वाजवल्या, हा गप्प बसला. आई १९५१ पर्यंत वाट पाहत होती.”

मास्तराचा हात थांबला. “आजोबा, हे कशाला? शाळेतली मुलं वाचतील.”

“मुलं वाचतील म्हणूनच सांगतोय.”

मास्तर तरी लिहीना. शिपाई बसून राहिला. अंगणातून कोणीतरी जेवायला हाक मारली, पुन्हा मारली. अखेर मास्तराने पेन उचललं आणि तिन्ही वाक्यं लिहिली, जशी सांगितली तशी. शिपायाने कागद मोठ्याने वाचून घ्यायला लावला, एका ठिकाणी साल चुकलं होतं ते दुरुस्त करवलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.